खंडू धिवारचं मोठ्यानं वाचणं

खंडू धिवारला मनातल्या मनात वाचता येत नसे. कागद हातात आला की तोंड उघडलंच. वर्तमानपत्र असो, खोकल्याच्या बाटलीवरची चिठ्ठी असो, नाहीतर बसची पाटी असो, एकेक शब्द सुटा करून, पलीकडच्या टेकडीवरच्या माणसाला ऐकू जावा अशा आवाजात तो वाचायचा. बायको द्रौपदी म्हणायची, "अहो, लग्नपत्रिका वाचताय का दवंडी देताय?" घाटकोपरच्या टेकडीवरची ती सगळी बैठी चाळ हसायची, आणि खंडूही त्यांच्यात हसायचा.

आता ह्याचं मूळ कुठं, तर पुरंदर तालुक्यातल्या त्याच्या गावात. शाळा भरायची मारुतीच्या देवळात. बाकीची पोरं आत, गुरुजींपुढं मांडी घालून. धिवाराचा खंडू बाहेर, पायरीखाली, चपलांच्या शेजारी. उंबरा ओलांडायचा नाही हे त्याला वेगळं शिकवायची गरज लागली नाही. गुरुजी तसे मनानं वाईट नव्हते. पाटीवर धडा लिहायचे, ती लांबून दाखवायचे आणि आतून ओरडायचे, "ए धिवार, वाच! मला ऐकू आलं पाहिजे!" मग खंडू घशाच्या शिरा ताणून वाचायचा, आणि आतली पोरं कानात बोटं घालायची. चौथीपर्यंत असं शिक्षण झालं. वाचणं म्हणजे बाहेरून आत ऐकू जाईल असं ओरडणं, हे एकदा डोक्यात बसलं ते बसलंच. पुढं त्यांच्या वस्तीनं बौद्ध धर्म घेतला, खंडू मुंबईला आला, विहारात पावसाळ्यातल्या वर्षावासाचं ग्रंथवाचन त्याच्याकडं आलं, तेव्हा म्हाताऱ्या बाया म्हणाल्या, "ह्याला भोंगा लागत न्हाई बाबा."

त्या आवाजापायी चाळीतली पत्रंही त्याच्याकडं यायची. गावाकडून पत्र आलं आणि घरात वाचणारं कुणी नसलं, की बाई पत्र घेऊन खंडूच्या दारात. खंडूचं मन मात्र आवाजासारखं दणकट नव्हतं. पत्रात वाईट काही आलं की त्याची जीभ वळायची. बैल मेला असं लिहिलेलं असलं तर तो वाचायचा, "बैल जरा आजारी आहे." समोरच्या खोलीतल्या सोनूबाई आल्हाटचा भाऊ वारला, त्या पत्राचा कोपरा मरणाच्या पत्राचा फाडतात तसा फाडलेला होता. खंडूनं तो कोपरा अंगठ्याखाली झाकला आणि वाचलं, "भाऊची तब्येत नरम आहे, काळजी करू नये." आठ दिवसांनी म्हणाला, जास्त नरम आहे. त्यानंतर खरं सांगितलं. सोनूबाई गावाला पोचली तोवर दहावासुद्धा उरकला होता. परत आली ती तडक खंडूच्या दारात. "मुडद्या, माझ्या भावाची माती हुकली तुझ्या गोड बोलण्यानं!" वर्षभर बोलली नाही. पुढं बोलायला लागली, कारण समोरासमोरच्या खोल्या. न बोलून जाणार कुठं.

खंडू मुलुंडच्या एका रंगाच्या गोदामावर रात्रीचा वॉचमन होता. सकाळी यायचा, झोपायचा, उठून जेवायचा. द्रौपदी विक्रोळीला औषधाच्या बाटल्या भरायच्या कारखान्यात. मुलगी लग्न होऊन दौंडला. दुपार सगळी मोकळी. त्या दुपारी भरायला नाक्यावरच्या विद्याधरची लायब्ररी होती. लायब्ररी म्हणजे पानाच्या गादीएवढी टपरी, पण तिच्यात खून, भुतं, भुयारं, मांत्रिक सगळं ठासून भरलेलं. वाचणारेही एकेक नग. कुणी तरी दहाव्या पानावरच पेन्सिलीनं लिहून ठेवायचा, 'खून माळ्याने केला आहे.' विद्याधर डोकं बडवून घ्यायचा.

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीचा सुमार. गणपतीचे दिवस जवळ आलेले. विद्याधरनं एक जाडजूड पुस्तक काढलं, कव्हर गेलेलं, नावसुद्धा नाही. म्हणाला, "खंडूभाऊ, हे न्या. मात्र जेवून लगेच वाचू नका. पोटात कालवतं."

पुस्तकात भूत नव्हतं. रेवती नावाची एक मुलगी होती, आणि तिला बंगल्याच्या तळघरात कोंडून ठेवणारा एक माणूस. तिनं त्याला मालक म्हणायचं. तो ओरडत नसे, शिवी देत नसे. ताट घेऊन यायचा, समोर बसायचा आणि हळू आवाजात विचारायचा, "इथं तू आपल्या राजीखुशीनं राहतेस ना?" हो म्हणाली तर जेवण. नाही म्हणाली तर ताट परत. तिचे आईबाप मेले असं त्यानं तिला सांगितलं होतं. तिचं नावही काढून घेतलं होतं, तो तिला 'पाहुणी' म्हणायचा. खंडूनं पहिली वीसेक पानं वाचली आणि त्याला पाणी प्यावंसं वाटलं.

आता शेजारचं सांगायला हवं. खंडूच्या खोलीला लागून गुणाजी राऊळची खोली. मध्ये भिंत नव्हती, फळ्या ठोकलेल्या होत्या, त्यांच्यावर दोन्हीकडून वर्तमानपत्रं चिकटवलेली. खाली जमिनीजवळ भाकरी सरकेल एवढी फट. अशा चाळीत एक कायदा असतो: फळीवर मूठ आपटली की समजायचं, पलीकडच्याला त्रास होतोय, आवाज बंद. भांडण असो, रेडिओ असो, पोराचं रडणं असो, मूठ आपटली की बंद.

गुणाजी कुडाळकडचा. गॅरेजात फिटर. कपडे स्वच्छ, भांग सरळ, बोलणं मऊ. शिमग्यानंतर लग्न करून बायको घेऊन आला. बायको कुणी नीट पाहिलीच नाही. सकाळ-संध्याकाळ गुणाजी तिला संडासच्या रांगेत घेऊन यायचा, बाहेर उभा राहायचा, परत घेऊन जायचा. पाणी तोच भरायचा. कामावर जाताना बाहेरून कुलूप. लोकांना त्यात नवल वाटलं नाही. कामाला जाणाऱ्या बाया पोरं कोंडून जातच होत्या, त्यात हे एक कुलूप. द्रौपदीनं एकदा विचारलं, तर गुणाजी हसला. "गावची पोर हा वहिनी. मुंबयत चुकली तर खंय शोधू?" द्रौपदी घरी येऊन म्हणाली, "बायकोला जपतो बाई. शिका जरा."

गणपतीला कोकणातला माणूस मुंबईत थांबत नाही. गुणाजीही बॅग घेऊन निघाला. "मंडळीक कालच फुडे धाडलंय," नळावर सांगून गेला. दाराला कुलूप. खोली रिकामी.

दुसऱ्या दिवशी दुपारी खंडूनं पुस्तक उघडलं. समोर ओट्यावर सोनूबाई तांदूळ निवडत होती. खंडू वाचू लागला, "रेवतीने. कान. दिला. वर. कोणी. चालत. होते." थोडं वाचून झालं, त्यानं पान उलटायला बोट ओलं केलं, आणि फळीवर मूठ आपटली.

खंडू गप्प झाला. सवयीनं. मग त्याच्या अंगावर काटा आला, कारण पलीकडं कुणी नव्हतं.

"ऐकलंस का गं, सोनूबाई?"

"काय?"

"काही नाही." त्यानं आवाज खाली आणला, त्याच्या हिशेबानं खाली, आणि एक ओळ वाचली. पुन्हा मूठ. जोरात. खंडूनं पुस्तक मिटलं. तेव्हा फटीतून, जमिनीच्या बाजूनं, एक बारीक आवाज आला.

"काका, थांबलात कित्याक? फुडे वाचा ना."

खंडू गुडघ्यावर बसला, गाल जमिनीला टेकवला. फटीतून त्याला एक पाऊल दिसलं. घोट्यावर डाग होता, काळसर, तापलेल्या तव्याची कड टेकवल्यासारखा.

"कोण गं? गुणाजीची मंडळी? तू गावाला नाही गेलीस?"

"नाय न्हेल्यान माका."

"अगं मग खातेस काय?"

"तांदूळ हत. पाणी हा. स्टो पेटवचो नाय म्हणान सांगल्यान हा, धूर भायर जाता." मग जरा थांबून, "भिजत घालून खातंय."

सोनूबाई सूप टाकून आली होती. तीही वाकली. "आत्ता फोडते कुलूप मी! खंड्या, दगड आण."

फळीपलीकडं धडपड झाली. "नको! आजी, पाया पडतंय तुमच्या. त्येका कळला तर तो माका जित्ती ठेवचो नाय. कुलपाक हात लावू नका. खंय जातलंय मी? म्हायेर लांब. भाऊस म्हणता, दिली तिकडे मेली." ती रडत नव्हती. हळू, भराभर बोलत होती, तोंडात घास असल्यासारखी. "तुम्ही फकत वाचा. आवाज इलो की बरा वाटता."

दगड तिथंच राहिला. सोनूबाईनं दोन भाकऱ्या थापल्या आणि एकेक करून फटीतून सरकवल्या, वर चटणी. पलीकडून कुणी तरी घाईनं चावल्याचा आवाज आला, आणि खंडू पान शोधू लागला, कारण त्याला दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

पुढचे सगळे दिवस असे गेले. दुपारी भाकरी आत, आणि गोष्ट आत. खंडूनं जन्मात पुष्कळ लोकांना वाचून दाखवलं होतं, पण असं ऐकणारं माणूस त्याला भेटलं नव्हतं. गोष्ट ऐकणारे विचारतात, खुनी कोण, लग्न कुणाशी झालं. ही विचारायची, "ता ताट परत गेला की किती वेळ उपाशी रवली ती?" किंवा, "त्या माणसान मारल्यावर ती सुजेक पाणी थंड लावी की गरम?" एकदा म्हणाली, "काका, तिचा दार भायर उघडता की आत?"

"आत उघडतं असं लिहिलंय."

"माझाय आत उघडता," ती म्हणाली.

रेवती रोज सकाळी मालक यायच्या आधी भिंतीकडं तोंड करून आपलं नाव उच्चारायची. स्वतःचं, बापाचं, आडनाव, गाव. विसरायला होऊ नये म्हणून. ते पान खंडूनं वाचलं. पलीकडून आवाज आला. "माझा नाव कमल. लग्नात सुमती केल्यानी. तुम्हांका म्हायत होता?"

खंडूला माहीत नव्हतं. एवढे महिने शेजारी राहून तिला काहीच नाव नव्हतं. गुणाजीची मंडळी. झालं.

"कमल कुणाची?" सोनूबाईनं विचारलं.

"विश्राम धुरीची. मुक्काम माणगाव." आणि ती पुटपुटत तेच पुन्हा म्हणाली, पाढा म्हणावा तसं.

गौरी-गणपती विसर्जनाला निघाले. उद्या-परवा गुणाजी येणार. पुस्तकाची थोडी पानं राहिली होती. खंडूनं ती पानं ड्युटीवर आधीच वाचून काढली, गोदामातल्या डब्यांना मोठ्यानं ऐकवून. विद्याधर खोटं बोलला नव्हता. रेवती उलथन्यानं दाराच्या बिजागऱ्या काढते. दार आत उघडतं म्हणजे बिजागऱ्या आतल्या बाजूला. कुलूप बाहेर तसंच लटकतं आणि दार दुसऱ्या अंगानं निघतं. खोबरेल सोडायचं, बिजागरीतली सळई खालून वर ठोकायची. जिन्यावर तिला मालक भेटतो. ती त्याच्या डोक्यात वरवंटा घालते. तो मरतो. ती रक्तानं माखलेली रस्त्यावर येते आणि कुणी तिला ओळखत नाही.

खंडूच्या डोळ्यापुढं रेवती आली नाही, कमल आली. ही असलं काही करायला जाईल, आणि अर्ध्यात सापडली तर? आणि नाही सापडली, आणि त्याच्याच डोक्यात काही घातलं, तर फासावर जाईल पोर. आणि मनाच्या तळाशी आणखी एक होतं, ते खंडूनं स्वतःलाही मोठ्यानं वाचून दाखवलं नाही: उद्या विचारतील, हिला हे शिकवलं कुणी? राऊळाच्या बायकोशी बोलत कोण होता रोज दुपारी? धिवार!

दुपारी त्यानं पुस्तक उघडलं आणि वाचलं, की मालक आजारी पडतो. तापानं फणफणतो. रेवती त्याची सेवा करते, त्याचे पाय चेपते, गोड बोलते. त्याचं काळीज विरघळतं. तो रडतो, स्वतःच्या हातानं कुलूप काढतो आणि किल्ली तिच्या ओंजळीत ठेवतो.

मग कमलनं विचारलं, "खराच काढल्यान कुलूप? आपल्या हातान?"

"लिहिलंय तसं."

"मी कधी गोड बोलाक नाय त्येच्याशी," ती म्हणाली. "भियान तोंडच उघडत नाय माझा. माझाच चुकला आसात." तिच्या आवाजात कधी नव्हता असा काही तरी उजेड होता, आणि खंडूला तो ऐकून बरं वाटलं.

सोनूबाईनं तांदळातला खडा लांब फेकला.

गुणाजी त्याच संध्याकाळी आला, तेव्हा खंडू ड्युटीवर निघाला होता. गल्लीच्या तोंडाशी गाठ पडली. गुणाजीनं वाकून नमस्कार केला, पिशवीतून प्रसादाचा लाडू काढून दिला. खंडूनं तो खाल्लासुद्धा.

सकाळी परतला तेव्हा द्रौपदी कामावर गेली नव्हती. दारात बसली होती, डोळे सुजलेले.

"ती त्याला म्हणाली, तुमचे पाय चेपते. मी ऐकलं," द्रौपदी म्हणाली. "म्हणाली, कुलूप काढा, मी कुठं जाणार नाही, राजीखुशीनं राहीन. तो हसला. मग विचारायला लागला, हे तुला बोलायला कोणी शिकवलं? हळू विचारत होता हो, अगदी हळू. आणि प्रत्येक वेळी विचारून झालं की... मी फळीवर मुठी आपटल्या. हात सोलले बघा माझे. तो थांबला आणि म्हणाला, वहिनी, बायको मोरीत पडली, आवाज होतलोच. परत सुरू केलं."

"आणि ती?"

"तिनं तुमचं नाव नाही घेतलं."

गुणाजी सरळ भांग पाडून कामावर गेला होता. दाराला कुलूप. खंडू फटीशी पडला. पाऊल दिसलं, पण ते पावलासारखं दिसत नव्हतं. बाहेरच्या बाजूला वळलेलं, फुगलेलं. "कमल," त्यानं हाक मारली. नुसता श्वास ऐकू येत होता.

तो चौकीवर गेला. हवालदार चहा पीत होता. "नवरा-बायकोचं आहे ना? तू कोण तिचा?"

"शेजारी."

"मग शेजाऱ्यासारखा राहा. बाई स्वतः येऊन तोंडानं सांगेल तर लिहून घेतो. आणि दुसऱ्याचं कुलूप फोडलंस तर तुलाच आत घालीन, घरफोडी म्हणून."

परत आला तर सोनूबाई त्याच्या खोलीत, पुस्तक मांडीवर घेऊन बसलेली. तिला एक अक्षर येत नव्हतं. तिनं पुस्तक त्याच्या अंगावर फेकलं.

"काल तू वाचत नव्हतास. वाचताना तू वरडतोस. काल बोलत होतास, गुळगुळीत. मला तवाच कळलं. मी गप बसले, म्हटलं पोरीला बरं वाटतंय तर वाटू दे." तिनं पुस्तकाकडं बोट केलं. "माझ्या भावाच्या येळंला कोपरा झाकलास. आता हिचा झाकतोस? काय लिवलंय त्यात, खरं?"

खंडूनं पुस्तक उचललं. शेवटची पानं काढली. फळीकडं तोंड करून उभा राहिला आणि वाचायला लागला. कसा, तर पायरीखालून वाचायचा तसा. चाळीतली पोरं दारात येऊन उभी राहिली, नळावरच्या बाया हंडे ठेवून आल्या. "दार. आत. उघडत. होते. म्हणून. बिजागऱ्या. आतल्या. बाजूला. होत्या." ते पान संपलं की तेच पान पुन्हा. घसा बसला, तरी पुन्हा. हवालदारानं कुलपाला हात लावू नको म्हटलं होतं. पुस्तक वाचू नको म्हटलं नव्हतं.

"कमल," मध्येच तो म्हणाला, "काल मी वाचलं ते पुस्तकात नव्हतं. मी रचलं ते. कुलूप त्यानं काढलं नाही. तिनं दार काढलं." आणि पुन्हा पहिल्यापासून, "दार. आत."

किती तरी वेळानं पलीकडं काही तरी घासत गेलं. अंग ओढत नेल्यासारखं. मग लोखंडावर दगड वाजला. टक्. मग काही नाही. मग टक् टक्. जमलेल्या बायांतली कुणी हलली नाही. खंडू वाचत होता. आवाज तिकडून यायला लागला की तो जरा थांबायचा, आणि तिकडचा थांबला की हा वाचायचा. खालची बिजागरी निघाली. मधली. वरच्या बिजागरीपर्यंत हात पोचायला उभं राहावं लागणार होतं. पलीकडून एक किंकाळी आली, दाबलेली, कापड तोंडात धरून मारल्यासारखी, आणि लगेच तीन-चार ठोके सलग.

दार कुलपाच्या कडीवर लोंबकळून आत झुकलं. फटीतून उजेड आत गेला. उंबऱ्याच्या आत कमल पडली होती, हातात उलथनं, शेजारी वरवंटा. वीस-एकवीस वर्षांची असेल. चाळीनं तिचं तोंड पहिल्यांदा नीट पाहिलं, आणि बऱ्याच जणींनी पाहून मान फिरवली.

तिला बाहेर येता येत नव्हतं. सगळे बाहेर उभे होते. खंडू उंबऱ्यापाशी थांबला, पाय उचलला, परत ठेवला. मग आत गेला, आणि सोनूबाई त्याच्यामागं.

हॉस्पिटलात डॉक्टरनं पाय पाहिला आणि म्हणाला, मोडून रात्र गेली, त्यावर ही उभी कशी राहिली? सरळ होणं कठीण. संध्याकाळी तोच हवालदार वही घेऊन आला. आणि त्याच्या मागोमाग, हातात पेजेचा डबा, भांग सरळ, गुणाजी.

"साहेब, बायलेक न्हेवक इलंय. सुमती गुणाजी राऊळ. मोरयेत पडली बिचारी." तो खाटेवर वाकला, डब्याचं झाकण काढलं, मऊ आवाजात म्हणाला, "सांग गो साहेबांका. पडलंस ना?"

परिचारिका पेजेकडं पाहून कौतुकानं हसली. खंडू भिंतीशी उभा होता. त्याला ओरडावंसं वाटत होतं, पण ह्या वेळी वाचायला हातात काही नव्हतं, आणि हवालदारानं सांगितलंच होतं, बाईनं स्वतः सांगायचं. कमल डब्याकडं पाहत होती. मग तिनं मान वळवली, नवऱ्याकडं नव्हे, हवालदाराकडं नव्हे, भिंतीकडं.

"माझा नाव कमल," ती म्हणाली. "कमल विश्राम धुरी. मुक्काम माणगाव, तालुको कुडाळ." श्वास घेतला. "मी पडाक नाय. माका ह्याणा मारल्यान."

हवालदारानं वही उघडली. गुणाजीनं झाकण परत लावलं, अगदी हळू.

आता पुढचं सांगतो, ते काही फार चांगलं नाही. भाऊ आला, मान खाली घालून कमलला घेऊन गेला. पाय वाकडाच राहिला. दिली तिकडे मेली म्हणणाऱ्या घरात लंगड्या बहिणीनं कसे दिवस काढले असतील ते सांगायला नको. गुणाजी काही महिन्यांत सुटून आला. खोली त्याचीच होती. दार त्यानं नवीन बसवलं, आणि नळावर लोक त्याला पुन्हा रामराम करू लागले, कारण समोरासमोरच्या खोल्या. न बोलून जाणार कुठं.

खंडूनं एक केलं. विद्याधरकडं ते पुस्तक विकत मागितलं. विद्याधर म्हणाला, कव्हर नाही, नाव नाही, असंच न्या. गुणाजीला सुट्टी असायची त्या दुपारी खंडू जेवून फळीकडं तोंड करून बसायचा आणि पहिल्या पानापासून सुरू करायचा. समोरच्या ओट्यावर सोनूबाई सूप घेऊन असायची. पहिल्या दिवशी तळघरापर्यंत आला तेव्हा फळीवर मूठ आपटली. चाळीचा कायदा सगळ्यांना माहीत होता. नळावरच्या बाया थांबल्या, खंडूकडं बघायला लागल्या.

खंडूनं बोट ओलं करून पान उलटलं.

पुन्हा मूठ आपटली, जोरात, फळीवरचा कागद फाटेल इतकी.

"ऐकू आलं पाहिजे," खंडू म्हणाला, आणि आवाज चढवला.